चित्राला भिंत हवी

१९४३ सालची गोष्ट आहे. गोंदियाच्या एका शाळेत २१ वर्षांचे एक ड्रॉइंग मास्तर मुलांना पेन्सिल धरायला शिकवत होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. वेगळा गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या हिशेबानं हे मास्तर आमच्याच जिल्ह्यातले. वडील मंडला भागात जंगलखात्यात नोकरीला होते आणि मुलगा १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला होता. त्याचं नाव सय्यद हैदर रझा.

पुढे जगभर गाजलेले रझा ते हेच. गोंदियाला ते फार दिवस राहिले नाहीत. मध्य प्रांत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकण्यासाठी ते निघाले. पण पोचायला उशीर झाला. तोवर प्रवेश बंद झाले होते, शिष्यवृत्तीही हातची गेली. सरकारनं अकोल्याला चित्रकला शिक्षकाची नोकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली. एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओ नावाच्या ठिकाणी ते डिझायनरचं काम करू लागले आणि मुंबईतच थांबले.

या तरुणानं पक्की सरकारी नोकरी का नाकारली असेल? चित्रकाराला मुंबईत असं काय मिळणार होतं, जे गोंदियात किंवा अकोल्यात मिळणार नव्हतं? रंग आणि कागद तर कुठूनही मागवता येतात. झाडं, नद्या आणि माणसं इकडे तिकडच्यापेक्षा जास्तच आहेत. मुंबईत होती ती भिंत. चित्र टांगायचं, खाली आपलं नाव लिहायचं आणि अनोळखी माणसानं समोर उभं राहून ते पाहायचं, अशी भिंत.

मी सिहोऱ्याचा. तुमसर तालुक्यातलं हे धानाच्या बांध्यांमधलं गाव. जवळ चांदपूरचा तलाव आणि बावनथडीपलीकडे मध्य प्रदेश. मी कविता लिहितो, आणि कवीचं या बाबतीत फार बरं असतं. कविता खिशात मावते. चार माणसं जमली, चहा आला, की ती म्हणता येते. मुशायऱ्याला सतरंजी पुरते, कविसंमेलनाला शाळेचा वर्ग. चित्राचं तसं नाही. ते पेटीत ठेवलं की मुकं होतं. त्याला भिंत लागते, उजेड लागतो आणि समोर उभा राहणारा माणूस लागतो. रेडिओवर चित्रांबद्दल बोलताना ही अडचण मला जरा जास्तच जाणवते, कारण एकही चित्र मी तुम्हाला दाखवू शकत नाही.

गावोगावच्या स्थानिक कलावंतांसाठी कलादालन असावं, तिथे वरचेवर नवी प्रदर्शनं भरावीत, असं म्हटलं की पहिला प्रश्न येतो: "हे शहरी लोकांचं खूळ आपल्याकडे कशाला?" त्याचं उत्तर इतिहासातच शोधलेलं बरं. आमच्या भागात प्रदर्शनं नव्हती असं मुळीच नाही. ती पुष्कळ होती, आजही आहेत. फक्त त्यांना आपण प्रदर्शन म्हणत नाही.

पोळ्याचा दुसरा दिवस घ्या. विदर्भात तो तान्हा पोळा. मोठ्या माणसांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवून होतात आणि दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी नंदी घेऊन निघतात. कुणाचा नंदी वीतभर, तर कुणाचा चाकांवरून ओढत न्यावा लागेल एवढा. गावच्या सुतारानं घडवलेला, आजोबांपासून चालत आलेला, दर वर्षी नव्यानं रंगवलेला. चौकात ते ओळीनं मांडतात, जाणती मंडळी फिरून पाहतात, उत्तम सजावटीला बक्षीस देतात. घरोघरी लेकरांना बोजारा मिळतो. मांडणी, प्रेक्षक, परीक्षक, पारितोषिक असं प्रदर्शनाचं सगळं सामान तिथे हजर असतं. त्याच दिवशी नागपुरात मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. बांबू, कागद आणि रंगांतून उभ्या केलेल्या त्या अवाढव्य आकृती पाहायला सारं शहर रस्त्यावर लोटतं.

मोहरमचे ताजिये घ्या. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, बेगड आणि खळ एवढ्या साहित्यातून घुमट, कमानी आणि जाळ्या उभ्या राहतात. मराठी मुलखातल्या कितीतरी गावांत या कामाला मुसलमानांबरोबर हिंदू हातही लागत आले आहेत आणि बघायला तर सगळंच गाव येतं. गणपतीच्या मूर्ती आणि देखावे तर सांगायलाच नकोत. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दंडार होते, नाटकं होतात. त्या नाटकांचे रंगवलेले पडदे, त्यांवरचे महाल, जंगलं आणि रस्ते रात्रभर हजारो डोळ्यांसमोर असतात. शहरातल्या किती चित्रकारांच्या वाट्याला एवढे प्रेक्षक येतात?

मग उणीव कशाची आहे? या साऱ्या कलाकृतींचं पुढे काय होतं ते पाहा. मारबत जाळली जाते. गणपती पाण्यात जातो. ताजियाही शेवटी ठंडा केला जातो. पडदा विरतो. आमची कला आगीला किंवा पाण्याला दिली जाते. त्यामागे श्रद्धा आहे आणि वस्तूचा मोह न धरण्याचं शहाणपणही आहे, त्याला माझी हरकत नाही. पण वस्तूबरोबर करणाऱ्याचं नावही वाहून जातं. अमुक साली आमच्या गावचा सर्वांत देखणा नंदी कोणत्या सुतारानं केला होता, हे दहा वर्षांनी कुणालाही सांगता येत नाही.

दगडाचं काय झालं? आमच्याच जिल्ह्यातलं पवनी पाहा. वैनगंगेच्या काठच्या या गावी १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. जगन्नाथ टेकडीखाली मोठा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याचे कोरीव खांब आणि शिळा निघाल्या. दोन हजार वर्षांहून जुनं हे काम भारहुतच्या शिल्पांची आठवण करून देणारं आहे. मुचलिंद नागाचं शिल्प त्यातलंच. दगडांवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत आणि त्यांतून आपल्याला नावं वाचता येतात. ती नावं दान देणाऱ्यांची. त्यांत स्त्रियाही आहेत. घडवणाऱ्यांसाठी ते लेख नव्हतेच. इतका सुंदर नाग कुणी कोरला हे आज कळायला वाट नाही.

म्हणून मला वाटतं, कलादालन नावाच्या गोष्टीनं जगात नवं काय आणलं असेल, तर ती चित्राखालची चिठ्ठी. बोटभर लांबीचा कागद. त्यावर चित्राचं नाव, करणाऱ्याचं नाव, गाव, साल. भिंती राजवाड्यांना होत्या, देवळांना होत्या, आमच्या मातीच्या घरांनाही होत्या. चिठ्ठी नव्हती.

ही चिठ्ठी आपल्याकडे कशी आली ते थोडक्यात पाहू. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. सोसायटीत सुरुवातीला इंग्रज अंमलदार आणि हौशी मंडळींचाच भरणा होता. पण दर वर्षी प्रदर्शन, त्याची छापील यादी, यादीत प्रत्येकाचं नाव आणि उत्तम कामाला पदक, हा रिवाज पडला. एकदा रिवाज पडला की दार कुणासाठी बंद ठेवणं कठीण जातं. १८९६ च्या प्रदर्शनात गणपत काशिनाथ म्हात्रे या तरुण विद्यार्थ्याचं 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प झळकलं आणि एका मराठी मुलाचं नाव देशभर झालं. सार्वजनिक जागेत, नावानिशी, सगळ्यांसमोर ते मांडलं गेलं, म्हणून हे घडलं. तेच शिल्प कुणा धनिकाच्या दिवाणखान्यात राहिलं असतं, तर आज आपल्याला म्हात्र्यांचं नाव माहीत असतं का?

पुढे १९४७ मध्ये मुंबईत सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. यातले मकबूल फिदा हुसेन मूळचे पंढरपूरचे. सिनेमाची भलीथोरली पोस्टरं रंगवून त्यांनी पोट भरलं होतं. हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, नागपुरात शिकलेले. रझांचं सांगून झालंच आहे. सहांपैकी दोघे नागपुराकडून गेलेले, ही गोष्ट आम्हा विदर्भातल्यांना फारशी माहीत नसते. रझांचं पहिलं एकल प्रदर्शन १९४६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरलं आणि ग्रुपचं पहिलं प्रदर्शनही १९४९ मध्ये तिथेच झालं. हिटलरच्या छळामुळे युरोप सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन यांच्यासारखे जाणकार मुंबईत होते. ते या पोरांची चित्रं पाहत, त्यांवर बोलत, लिहीत, ओळखीपाळखी करून देत. मघाशी मी भिंत म्हणालो. पण भिंतीसमोर उभं राहून नीट पाहणारा माणूसही हवा, हे यातून दिसतं.

तरीही जागेची ओढाताण होतीच. कलावंतांना परवडेल असं कायमचं दालन मुंबईतही नव्हतं. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ देणगी दिली आणि १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. त्या दालनानं काय केलं? फोर्टमध्ये कामाला आलेला कारकून दुपारच्या सुट्टीत फुकट आत जाऊन चित्रं पाहू लागला. तिथे नोंदणी करून चित्रकार वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहतात, आणि ज्यांना पाळी मिळत नाही ते त्याच इमारतीबाहेरच्या पदपथावर चित्रं मांडून बसत आले आहेत. एक भिंत झाली की दुसरी लागते, इतकी ती गरज मोठी आहे.

"ही मुंबईची कथा झाली, खेड्यात कोण चित्रं लावणार?" असं कुणी म्हणेल, तर सातारा जिल्ह्यातलं औंध पाहून यावं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये गावच्या टेकडीवर श्री भवानी चित्रसंग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं माय-लेकराचं शिल्पही आहे. देवीला आलेला शेतकरी जाता जाता ते पाहतो. याच राजानं १९३९ मध्ये आपली सत्ता गावांच्या हाती सोपवली, हा योगायोग मला वाटत नाही. गावाला आपला कारभार कळतो असं ज्याला वाटतं, त्याला गावाला चित्रही कळतं असं वाटणारच. अर्थात औंधला राजा होता. आमच्याकडे राजा नाही. पण ग्रामपंचायत आहे, शाळा आहे, वाचनालय आहे.

आणि माणसंही होती. साकोली-भंडारा रस्त्यावरच्या लाखनीत १९२८ मध्ये जन्मलेले भाऊ समर्थ हे त्यांतलं मोठं नाव. चित्रकार आणि लेखक, मराठीत लिहिणारे तसेच हिंदीत लिहिणारे. मुंबई-दिल्लीची वाट न धरता त्यांनी नागपुरात राहून काम केलं. चित्रकलेचं समाजाशी नातं काय, या प्रश्नावर ते लिहीत राहिले. १९९१ मध्ये ते गेले. आज भंडारा जिल्ह्यातल्या कॉलेजातल्या मुलांना त्यांचं नाव विचारून पाहा. जिथे जन्मले त्या जिल्ह्यात त्यांची दहा चित्रं एका ओळीत पाहता येतील अशी जागा असती, तर उत्तर वेगळं आलं असतं.

चिठ्ठीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक सवाशिणी काढत. गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची चित्रं. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी तिथे कागद नेला, आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रं मुंबईच्या दालनात लागली. मशे जगप्रसिद्ध झाले, २०११ मध्ये पद्मश्री झाले, २०१८ मध्ये गेले. त्यांचा मान रास्तच होता. पण ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या ते चौक लिहिले, त्यांच्या नावाची चिठ्ठी कुठेच लागली नाही. दालन दूर असलं की तिथवर एखादाच पोचतो. दालन गावात असेल तर त्या सवाशिणीलाही आपलं नाव लिहिता येईल.

आता पैशाचं बोलू, कारण ऐकणाऱ्याच्या मनात ते आलंच असणार. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे १९५४ चं मोठं चित्र. विषय आपल्या खेड्यातलं जगणं. ते चित्र नॉर्वेत गेलं आणि अनेक वर्षं ऑस्लोच्या एका इस्पितळाकडे राहिलं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं. रझांचं एक चित्र २०२३ मध्ये मुंबईत ५१ कोटी ७५ लाखांना गेलं. हे आकडे ऐकून गावचा माणूस हसतो आणि म्हणतो, हा आपला बाजार नव्हे. खरंच आहे. पण त्या आकड्यांशी गावच्या कलादालनाचा संबंधच नाही. खेड्याचं चित्र काढणारा मोठा झाला, आणि खेड्याला मात्र ते कधी बघायला मिळालं नाही, हे मला त्या लिलावापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्या गावांत आत्ता काय चाललंय तिकडेही पाहू. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नक्षी, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे आणि सुविचार, लग्नघराच्या दारावरचे हत्ती आणि वधूवरांची नावं हे सगळं रंगवणारा पेंटर तालुक्याच्या प्रत्येक बाजारगावात असे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फ्लेक्स आला आणि ब्रश बाजूला पडला. यांतले बरेचजण आता दुसऱ्या कामांना लागले. त्यांच्या हाताला अक्षराचं वळण होतं, प्रमाण होतं. ते हात अजून आहेत. काही वर्षांनी नसतील. शाळांत चित्रकलेचा तास वेळापत्रकात असतो, पण शिक्षक पुष्कळदा अंशकालीन किंवा नसलेलाच. मुलं एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षा देतात, श्रेणी मिळते, प्रमाणपत्र घरी येतं आणि चित्रं रद्दीत जातात. दर वर्षी! त्या मुलांपैकी कुणाच्या हातात काय होतं, हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

यासाठी फार पैसा लागत नाही. एक कोरडी, चुना दिलेली भिंत. वरून सोडलेली दोरी आणि चिमटे. दोन चांगले दिवे. महिन्या-दोन महिन्यांनी बदलणारं प्रदर्शन, म्हणजे लोक पुन्हा येतील. एकदा शाळेतल्या मुलांचं, एकदा जुन्या पेंटरांचं, एकदा बायकांच्या रांगोळी-कशिद्याचं, एकदा सुतारांच्या नंद्यांचं. एक अभिप्राय वही, ज्यात लोकांनी "छान" एवढंच न लिहिता काय आवडलं नाही तेही लिहावं. आणि एक रजिस्टर, ज्यात प्रत्येक कामाची आणि करणाऱ्याची नोंद राहील. हे रजिस्टर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पवनीच्या दगडांनी दात्यांची नावं दोन हजार वर्षं सांभाळली, तर एका वहीनं घडवणाऱ्यांची शंभर वर्षं तरी सांभाळावीत.

प्रेक्षक येतील का? ज्या झाडीपट्टीत माणसं थंडीत घोंगडी पांघरून, तिकीट काढून, पहाटेपर्यंत नाटक बघतात, तिथे हा प्रश्न विचारणं म्हणजे लोकांना कमी लेखणं आहे.

रझांबद्दलची एक हकीकत प्रसिद्ध आहे. लहानपणी त्यांचं शाळेत लक्ष लागत नसे. नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी शाळेच्या पडवीतल्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि मुलाला म्हणाले, याच्याकडे पाहत बस. त्या ठिपक्यातून पुढे रझांचा प्रसिद्ध बिंदू आला. ६० वर्षं फ्रान्समध्ये राहून ते २०१० च्या अखेरीस परतले, २०१६ मध्ये वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना पुरण्यात आलं. पॅरिसच्या आणि न्यूयॉर्कच्या भिंती नंतरच्या. पहिली भिंत खेड्यातल्या शाळेची होती, आणि मुलाला तिच्यासमोर बसवणारा एक मास्तर होता.

अशा भिंती आमच्या तालुक्यात गावोगाव उभ्या आहेत. बहुतेकांवर जुन्या निवडणुकांच्या घोषणा आहेत. येत्या तान्ह्या पोळ्याला त्यांतली एखादी पांढरी करून घ्यावी. चौकातले नंदी मिरवून झाले की दोन दिवस त्या भिंतीला लागून मांडून ठेवावेत. आणि प्रत्येकापुढे, तो कोणत्या सुतारानं घडवला त्याचं नाव लिहून ठेवावं.